केबिनमधलं इरलं

ट्रक चालवणारी बाई आमच्या सोहऱ्यात एकच, आणि केबिनमध्ये इरलं घेऊन ट्रक चालवणारी तर साऱ्या मुलखात एकच असावी. बाहेर पावसात बायका पाठीवर इरली घेऊन चाललेल्या असत आणि आत स्टिअरिंगमागे कोंग ड्रिमसुद्धा (कोंग म्हणजे ताई) इरलं घेऊनच बसलेली असे. बांबूच्या कामट्यांचं, आत पानं भरलेलं, कासवाच्या पाठीसारखं. ते डोक्यावरून पुढे आलेलं असायचं, त्यामुळे रस्ता बघायला तिला मानही कासवासारखीच बाहेर काढावी लागे. कुणी हसलं की म्हणायची, "हसा, हसा. तुमच्यावर बाहेरच पडतो, माझ्यावर आतही पडतो. तरी तुमच्या आधी मीच पोचते की नाही?"

पोचायची, हे मात्र खरं.

सोहरा म्हणजे शाळेच्या पुस्तकातलं चेरापुंजी. आमचं लाइतदोम त्याच्याही पुढे, कड्याच्या अगदी ओठावर. खालच्या दरीतल्या गावांना रस्ता नाही, पायऱ्या आहेत. बाजाराच्या दिवशी बायका कपाळाला पट्टा लावून, पाठीवर टोपल्या घेऊन त्या पायऱ्या चढून येतात, आणि वर आल्या की पुढचा रस्ता ड्रिमच्या ट्रकचा. तेजपत्ता, सुपारी, संत्री मागच्या हौद्यात, ताडपत्रीखाली. जे भिजून चालणारच नाही ते केबिनमध्ये. मीठ, सुकी मासळी, एखादं तान्हं मूल. हा नेम ड्रिमच्या आईनं घालून दिला होता. ती म्हणायची, ट्रकची पाठ भिजली तर भिजू दे, डोकं कोरडं पाहिजे.

ट्रक आईनंच आणला होता, लष्कराच्या लिलावातून. तेजपत्त्याच्या कमाईवर. तेव्हाच तो म्हातारा होता. लाकडी चौकटीवर पत्रा ठोकलेली केबिन, पुढे दोन तुकड्यांची काच, आणि नाक असं लांब की वळणावर आधी ते पोचायचं आणि मग मागून आपण. आई गेली आणि रीतीप्रमाणे घर, चूल आणि ट्रक धाकट्या मुलीकडे आला. ड्रिम ती धाकटी. मोठ्या बहिणी लग्न करून आपापल्या घरी सुखी होत्या. ड्रिमचा नवरा शांत माणूस, त्याला संत्र्यांच्या झाडांत बरं वाटे. ट्रकमध्ये बसला की त्याला घेरी यायची. म्हणून ड्रिमनंच पाना हातात घेतला, आणि तो पुन्हा खाली ठेवला नाही. माझ्या कुंपणापलीकडेच तिचं अंगण. माझी पोरं मोठी झाली ती त्या इंजिनाच्या आवाजावर. सकाळी तो आवाज आला नाही तर दूध उतू जायचं, कारण वेळच कळायची नाही.

त्या वर्षी पावसानं जरा लवकरच जोर धरला, आणि कोंग फिडालिनच्या मासळीचा प्रकार घडला.

फिडालिन म्हणजे सुक्या मासळीची बाजारातली राणी, आणि जीभ मासळीहून खारट. तिची टोपली केबिनमध्ये, ड्रिमच्या शेजारी ठेवलेली. सोहऱ्याला पोचून तिनं वरचं पान उचललं तर मासळी फुगून टम्म.

"वा गं ड्रिम!" ती भर बाजारात ओरडली. "सकाळी सुकी दिली होती, तू ताजी करून दिलीस! थोडं आणखी लांब नेली असतीस तर पोहायला लागली असती!"

सगळा बाजार हसला. ड्रिमही हसली, पण पुढच्या बाजाराला काही टोपल्या नव्या जीपगाड्यांकडे वळल्या आणि तिचं हसू आटलं. जीपवाले भाडं जास्त घेत, शिवाय टोपल्या छतावर बांधत. पण त्यांची केबिन कोरडी होती.

त्याच संध्याकाळी मामा डोनबोर आले. आमच्या खासी बोलीतही मामाला मामाच म्हणतात, आणि मामाचं वजन तर तुमच्याकडच्याहून जास्त. घर धाकट्या मुलीचं, पण घरातल्या मोठ्या गोष्टीत शेवटचा शब्द मामाचा. ते चुलीपाशी बसले, लाल चहा घेतला, ड्रिमनं पुढे केलेलं पान-सुपारीचं क्वाय तोंडात टाकलं आणि सावकाश म्हणाले, "भंगारवाल्याशी बोललोय मी."

"कशाला? चहाला बोलावलंत?"

"ट्रक न्यायला."

मी तिथे चूल फुंकत होते. उठून जावं की बसावं, कळेना. ड्रिमनं नजरेनं मला बसवलं.

"मामा, ट्रक चालतो."

"चालतो, पण गळतो. आपल्या कुळाची बाजारात टिंगल होते. तुझ्या आईचं नाव घेऊन लोक हसतात." त्यांनी सुपारी या गालातून त्या गालात नेली. "कोंबडी आरवायला लागली की घराचे दिवस फिरतात म्हणतात, ते उगाच नाही."

ड्रिमनं हातातलं लाकूड चुलीत सारलं. "कोंबड्यांना आरवायला कुणी अडवलं होतं, मामा? आईनं ट्रक आणला तेव्हा स्टिअरिंगला हात लावायला एकही कोंबडा पुढे आला नाही. शेवटी कोंबडी आरवली. सकाळ तर झाली ना?"

"जिभेनं गळती थांबत नाही."

"मग हातांनी थांबवते. येत्या बाजाराला तुम्ही माझ्या शेजारी बसा. चर्चला घालता तो काळा कोट घालून. छत्री नाही, इरलं नाही. लाइतदोमपासून बाजारापर्यंत माझ्या केबिनमध्ये तुमच्या कोटावर एक थेंब पडला, तर भंगारवाल्याच्या हातात किल्ली मी देईन. नाही पडला, तर या चुलीपुढे पुन्हा भंगाराचं नाव काढायचं नाही."

मामांनी जरा विचार केला. "बुटांवर पडला तर?"

मामा हुशार. त्या केबिनच्या तळात कायम घोटाभर पाणी असायचं, हे त्यांना ठाऊक होतं.

"बुटांवरही," ड्रिम म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण हातातलं दुसरं लाकूड तिनं चुलीत घालायच्या ऐवजी मोडून ठेवलं.

आमच्याकडे बाजार दर आठव्या दिवशी भरतो. तेवढाच वेळ.

आजवर ती काय करायची, तर आत जिथे ओल दिसेल तिथे डांबर फासायची. दर पावसाळ्याआधी नवा थर. केबिनचं छत आतून माकडाच्या तळव्यासारखं काळं आणि सुरकुतलेलं झालं होतं. या वेळी तिनं डांबराचा डबा उघडलाच नाही. सीट काढली, पायाखालची रबरी चटई काढली, छताचं कुजलेलं रेक्झिन ओरबाडून काढलं, आणि निखाऱ्यांची शेगडी आत ठेवून, दारं उघडी टाकून केबिन शेकून घेतली.

"ओल दिसते तिथूनच पाणी येतं असं कुठे आहे?" ती मला म्हणाली. "चोर स्वयंपाकघरात सापडला म्हणून काय धुराड्यातूनच आला?"

मग तिनं चुलीतली राख चाळून घेतली आणि आतल्या काळ्या पत्र्यावर, सांध्यांवर, काचेखाली, दाराच्या आतल्या बाजूला ती पिठासारखी भुरभुरवली. पाण्याचा एक ओघळ जरी आला तरी राखेवर त्याची वाट उमटणार. ती आत टॉर्च घेऊन बसली आणि बाहेर मला आमची मोठी किटली देऊन उभं केलं. मी हात उंच करून छतावर ओतायला गेले तशी आतून ओरडली, "खालून! खालून सुरू कर, कोंग! वरून ओतलंस तर सगळंच भिजेल, मग कळायचं काय?"

म्हणून मी आधी खाली, मग दाराच्या मध्यावर, मग काचेशी, असं थोडं थोडं पाणी सोडत गेले. प्रत्येक जागी ती आतून "थांब" म्हणायची, बघायची, "चल" म्हणायची. पावसाच्या दोन सरींमध्ये, डोक्यावर इरलं घेऊन ट्रकला किटलीनं अंघोळ घालणारी बाई बघून रस्त्यानं जाणारे थबकत. फिडालिननं विचारलंच, "देवाचा पुरत नाही होय तुम्हाला?"

चोर बरेच निघाले. पुढच्या काचेचं रबर खालच्या कोपऱ्यात वाळलेल्या आमसुलासारखं कडक होऊन आकसलं होतं. वायपरच्या दांड्याभोवतीची चकती नाहीशीच झाली होती. छताच्या कडेची पन्हळ एका जागी फाटली होती, आणि गंमत म्हणजे पाणी टपकायचं ते तिथून हातभर दूर, ड्रिमच्या डोक्यावर. इतकी वर्षं डांबर लागत होतं डोक्यावरच्या जागी. तिनं नवऱ्याला बागेतून बोलावून त्याच्या मदतीनं काच उतरवली, टायरच्या ट्यूबच्या पट्ट्या कापून काळ्या पुट्टीत बसवल्या, वायपरला ट्यूबचीच चकती केली. पन्हळ पत्रा चकाकेपर्यंत खरवडली आणि रंगात भिजवलेली कापडी पट्टी तिच्यावर ताणून बसवली. नवरा घेरी येईल म्हणून केबिनकडे पाठ करूनच काच धरून उभा होता.

पुन्हा राख, पुन्हा किटली. छत कोरडं. काच कोरडी.

तळ ओला.

"कुठून?" ड्रिम स्वतःशीच म्हणाली. "कुठून येतोस मेल्या?"

आम्ही दमलो होतो. किटली खाली ठेवून पायरीवर बसलो आणि क्वाय जुळवलं. पान, चुना, ओली सुपारी. इथे वेळ आणि वाट दोन्ही क्वायनं मोजतात. ते निम्मं चघळून झालं असेल, तोच ड्रिमनं मान वळवली.

"कोंग, पाणी तू घालतेयस?"

"मी तुझ्यासमोर बसलेय की! तोंड रंगलंय बघ."

"मग हे कोण ओततंय?"

केबिनच्या तळात राखेवर एक काळी वाट हळूहळू पुढे सरकत होती. पाऊस नव्हता, किटली जमिनीवर होती, आणि पाणी मात्र येत होतं. ड्रिम उठली. तिनं दार धरून गदागदा हलवलं. दाराच्या आत गुडगुड वाजलं, भरल्या पोटात वाजावं तसं.

"याच्या पोटात पाणी आहे!" ती म्हणाली, आणि ट्रकखाली सरकली.

मी वाकून पाहिलं. ती उताणी पडून दाराच्या खालच्या कडेवरून बोट फिरवत होती.

गोष्ट अशी की दाराची काच वर-खाली होते, त्या फटीतून थोडं पाणी दारात उतरणारच. ते जायला म्हणून बनवणाऱ्यानं दाराच्या तळाशी भोकं ठेवलेली असतात. पुढच्या काचेखाली हवेची झडप असते, तिच्या पेटीलाही असतात. पण बनवणाऱ्याला आमचा कडा ठाऊक नव्हता. आमच्या कड्यावर पाऊस पडतो तसाच चढतोही. खालच्या मैदानातून वारा दरीत शिरतो, कड्यावर आपटतो आणि पाणी घेऊन सरळ वर येतो. इथे घराची जमीन खालून भिजते, झगा खालून भिजतो. म्हणून कुणाच्याही घरात नवी वस्तू आली की आम्ही आधी तिची खालची भोकं बुजवतो. ट्रकची सगळी खालची भोकं कुणीतरी पाइनच्या राळेनं, आत चिंधी भरून, दगडासारखी बुजवली होती.

"आईनं बुजवली असणार," ड्रिम खालून म्हणाली. "पहिल्याच पावसाळ्यात."

मी टॉर्च तिच्या बोटाकडे धरला.

"आईला पावसाचं कळत नव्हतं, असं मी म्हणू?" ती म्हणाली. मग हात बाहेर आला. "पेचकस दे. आई, माफ कर. नसशील करत तर राहू दे."

पहिलं बूच निघालं तसं गंजाचं लाल पाणी, कुजकी पानं, सगळं तिच्या तोंडावर कोसळलं. ती थुंकत, शिव्या देत, हसत बाहेर आली. बुचाच्या आतली चिंधी चौकडीच्या शालीची होती, मरून रंगाच्या चौकडीची. आईची तसली शाल गावात सगळ्यांना आठवत होती. ड्रिमनं ते बूच फेकलं नाही. एकेक करून सगळी काढली आणि डॅशबोर्डच्या खणात टाकली.

पण आमचा पाऊस कुणाला सुखानं जिंकू देईल तर शपथ. दुपारी दरीतून वारा उठला आणि मोकळ्या भोकांतून फवारा सरळ आत. केबिनचा तळ पुन्हा ओला.

"आई चुकली नव्हती," मी म्हटलं. मला तेवढंच सुचलं.

"नव्हती. पण बरोबरही नव्हती," ड्रिम म्हणाली आणि हातातला पाना आपटून घरात गेली. मला वाटलं, संपलं. तर ती आपलं इरलं घेऊन बाहेर आली, माझ्यासमोर उलटं धरलं. "सांग, याला खाली केवढं भोक आहे?"

"सगळं उघडंच आहे खाली."

"मग आपण का भिजत नाही? पान पानावर पडलंय म्हणून. तोंड खाली केलंय म्हणून. भोक बुजवायचं नसतं, कोंग. त्याला इरलं घालायचं असतं."

ट्यूबच्या रबराच्या जिभा कापून तिनं प्रत्येक भोकावर बाहेरून, एका कडेनं टाचल्या, तोंड खाली, एकीवर एक. आतलं पाणी जीभ ढकलून खाली पडे आणि खालून वारा आला की तीच जीभ भोकावर चिकटे. किटली, राख, किटली. मग आम्ही दोघी वाऱ्याची वाट बघत बसलो. आयुष्यात पहिल्यांदाच आम्ही पाऊस बोलावत होतो. तो आला, आणि राख राखेसारखी राहिली.

बाजाराच्या सकाळी मामा डोनबोर काळा कोट घालून आले. बुटांना पॉलिश असं की त्यात आभाळ दिसावं, पण दिसायला आभाळ नव्हतंच, नुसता पाऊस. ते सीटवर बसले, हातरुमाल मांडीवर पसरला. तेवढ्यात फिडालिन टोपली घेऊन मध्ये घुसली.

"तू कुठे?" मामा म्हणाले.

"मी पंच, बाह डोनबोर." पुरुषाला आम्ही मानानं बाह म्हणतो. "आणि माझी मासळीही पंच." तिनं टोपली थेट तळावर, मामांच्या बुटांशेजारी ठेवली. "खोटं बोलाल तर ही फुगून सांगेल."

मी मागे हौद्यात, ताडपत्रीखाली, पण केबिनच्या मागच्या खिडकीला काच नव्हती, जाळी होती आणि तिच्यावर फळीचा छज्जा. तिथं नाक लावून बसले. ड्रिमनं इंजिन चालू केलं. इरलं तिनं आणलंच नव्हतं. इरल्याशिवाय तिची मान एवढी लांब असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

कड्याच्या वळणावर पोचलो. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला काहीच नाही, आणि त्या काहीच-नाहीतून पाऊस वर उडत होता. मामा म्हणाले, "थांबव इथे."

"मामा, मागे बायका आहेत. बाजार—"

"घाबरलीस?"

ड्रिमनं ब्रेक लावला. नुसता लावला नाही, तिनं ट्रक आणखी कडेला घेतला, जिथे वारा सगळ्यात माजलेला असतो तिथे, आणि हात मांडीवर ठेवून बसली. "बसा," ती म्हणाली. "हवं तितकं बसा."

पाणी काचेवर आपटलं, दारांवर आपटलं, खालून पत्र्यावर मुठी मारल्यासारखं वाजलं. मामा छताकडे बघत होते, फिडालिन मामांच्या बुटांकडे, ड्रिम समोर. मग खालून दुसराच आवाज यायला लागला. फट्, फट्, फट्.

"हे काय वाजतंय?" मामा म्हणाले.

"पाणी बाहेर चाललंय."

"कुठून?"

"दाराच्या भोकांतून."

"भोकं नाहीत दाराला. मी बुजवलीत ती." मामा ताठ बसले. "राळ मी तापवली. तुझ्या आईनं टॉर्च धरला होता. चिंधी मिळेना म्हणून तिनं स्वतःच्या शालीचा काठ फाडून दिला. एक थेंब खालून आला असेल तर सांग!"

ड्रिमनं हळूच त्यांच्याकडे पाहिलं. "तुम्ही?"

"मी नाही तर कोण?"

"म्हणजे आईची माफी मी फुकटच मागितली." तिनं डॅशबोर्डच्या खणावर एकदा हात ठेवला. "काम चोख होतं, मामा. इतकं चोख की खालून थेंब आत आला नाही, आणि वरून आलेला थेंब तुम्ही कधी बाहेर जाऊ दिला नाहीत. माझ्या पायाशी ते तळं होतं ना, ते तुमचं."

फिडालिननं हसू दाबायचा प्रयत्न केला, तो तिला जमला नाही. मागे हौद्यातल्या बायकांना मी जाळीतून ऐकलेलं सांगितलं आणि अख्खा ट्रक हलायला लागला. मामा लाल झाले. "खालून आलं का? नाही ना? मग झालं तर!" एवढं तीन वेळा म्हणाले. मग वाकून त्यांनी बुटांना बोट लावलं, टोपलीतल्या मासळीला बोट लावलं, बोट बघितलं आणि म्हणाले, "चल. बाजाराला उशीर होतोय."

सोहऱ्यात भंगारवाला खरोखरच उभा होता, छत्री घेऊन. मामा उतरले. कोट कोरडा, रुमाल कोरडा. भंगारवाला पुढे आला तसे ते खाकरले. "खरा पाऊस अजून यायचाय," ते ड्रिमला म्हणाले, पण भंगारवाल्याला ऐकू जाईल असं.

"मग खऱ्या पावसातही बसा. दर बाजाराला ही जागा तुमची. उतरवणार मी नाही, उतरायचं तर तुम्ही उतरा."

"बाह, मग मी काय समजू?" भंगारवाल्यानं विचारलं.

मामांनी हनुवटीनं ड्रिमकडे खूण केली. "मालकिणीला विचार."

ड्रिमनं डॅशबोर्डचा खण उघडला आणि राळेची ती काळी बुचं ओंजळीनं त्याच्या हातात ठेवली. "भंगार हवं होतं ना? घ्या. आमच्याकडे एवढंच निघालं."

तो बिचारा एकदा बुचांकडे, एकदा ट्रककडे बघत राहिला. मामांनी मात्र हात पुढे करून त्याच्या ओंजळीतून एक बूच उचललं, ज्यातून मरून चिंधीचा काठ बाहेर आला होता ते, आणि कुणी बघत नाही असं वाटून कोटाच्या खिशात टाकलं.

फिडालिन बघत होती. "बाह डोनबोर! राळ ती! डाग पडला की हो कोटाला! ए ड्रिम, पडला बघ, अट हरलीस!"

"अट थेंबाची होती," ड्रिम टोपल्या उतरवत म्हणाली. "डाग त्यांचा त्यांनी पाडून घेतलाय."